कूलर वर ओढू नका, आधी फिरवा
(प्रोसेसरची जुनी पेस्ट काढण्याविषयी, आमच्या ग्राहकांसाठी)

पीसी तापतो, पंखा ओरडतो, म्हणून पेस्ट (प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा वरचा कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा थर) बदलायचं ठरवलंत हे बरोबरच आहे. घरी करायला आमची हरकत नाही, पेस्ट आम्ही सुटीही विकतो. पण थंडी पडली की दुकानात एकच दुखणं येऊ लागतं: कूलर जोरात वर ओढला, त्याला चिकटून प्रोसेसरही उपटून आला आणि पिना वाकल्या.

हे बहुतेक एएम४ सॉकेटच्या (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) रायझनचं, म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरचं होतं. त्यात १३३१ पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात आणि वरून दाबून धरणारी चौकट नसते. सॉकेटची दांडी फक्त पिना पकडते, शिवाय ती कूलरखाली झाकलेली. पेस्ट वाळली की तिची पकड सॉकेटला भारी पडते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी तर ती आणखी कडक झालेली असते.

म्हणून पीसी आला की आम्ही तो आधी दहा-पंधरा मिनिटं चालवतो. “उघडायचं सोडून चालू कशाला केलात?” असं बरेच जण विचारतात. पेस्ट मऊ व्हायला तेवढा वेळ लागतोच, कितीही गर्दी असली तरी आम्ही तो देतो. घरीही तसंच करा. मग पीसी बंद करून केबल काढा, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे सैल करा आणि कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवत राहा. सुटला की हाताला कळतं. तेव्हाच उचला. फिरतच नसेल तर स्क्रू परत आवळा आणि पुन्हा गरम करा.

पुसणं त्यामानाने सोपं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं मऊ फडकं पुरे. ७० टक्क्यांचंही चालतं, पण त्यात पाणी असतं, पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर नको, त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो. घट्ट थरावर ओलं फडकं मिनिटभर ठेवा. ब्लेडने खरवडू नका. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला सॉकेटमधून काढायची गरजच नाही, जागच्या जागी पुसा, कारण तिथे नाजूक पिना मदरबोर्डवर असतात. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटचंही तसंच. लॅपटॉपची चिप मात्र उघडी असते, भोवती बारीक कपॅसिटर असतात. सवय नसेल तर तो आमच्याकडेच आणा.

प्रोसेसर उपटून आलाच, तर सुरीने किंवा चिमट्याने पिना सरळ करत बसू नका. एकदा वाकवून परत वाकवलेली पिन तुटते, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ अशा अर्धवट सरळ केलेल्या पिनांवरच जातो. कूलरला चिकटलेला असेल तसाच, पिना वर करून, कशालाही न टेकवता खोक्यात ठेवा आणि घेऊन या. भिंगाखाली एकेक पिन सरळ करावी लागते, म्हणून या कामाचे पैसे पेस्ट बदलण्यापेक्षा बरेच जास्त पडतात. तुटलेल्या पिनेची हमी आम्ही देत नाही.

पेस्ट बदलून हवी असेल तर काम तुमच्यासमोर करतो, पंख्याची धूळही त्यातच निघते. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमधले पीसी तेलकट धुळीने भरतात, त्यांना जरा जास्त वेळ लागतो; ते सकाळीच आणून ठेवा.