पार्श्वभूमी : ‘ताओवादी चीगाँग’ हे नाव कसं जुळलं

दीर्घायुष्यासाठीचे ‘ताओवादी चीगाँग’ व्यायाम, म्हणजे श्वास, बैठक आणि संथ हालचालींचे चिनी प्रकार, दोन-अडीच हजार वर्षं जुने आहेत, असं सर्रास छापून येतं. व्यायामांपुरतं ते बरंचसं खरं आहे, नावापुरतं नाही. हा शब्द आज ज्या अर्थाने चालतो तो १९४९ साली ठरला, आणि ज्यांनी तो ठरवला त्यांना ताओवाद (चीनमधला प्राचीन धर्मविचार) नकोच होता. (आपल्याकडे काही जण ‘किगाँग’ लिहितात. तो रोमन स्पेलिंगमधला क्यू वाचण्याचा घोळ आहे.)

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. प्राचीन ताओवादी विचारवंत चुआंग-त्झूच्या नावावरच्या ग्रंथात अस्वलासारखी आणि पक्ष्यांसारखी अंगं ताणणारी, श्वास मोजूनमापून घेणारी माणसं भेटतात. आयुष्य लांबवायच्या त्यांच्या खटाटोपाला तिथे फारशी दाद मिळालेली नाही. हुनान प्रांतात मावांगतुई इथल्या इ.स.पू. १६८ मधल्या थडग्यातून १९७०च्या दशकात एक रेशमी तक्ता निघाला. त्यावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्या आहेत. संघटित ताओ पंथ उभा राहिला तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, म्हणजे हा तक्ता पंथाहूनही जुना. अशा ताणण्या-वाकवण्याला ‘दाओयिन’ म्हणत. श्वासाची कसरत म्हणजे ‘थुना’, आयुष्य जपण्याची एकूण विद्या ‘यांगशंग’ आणि पुढे ताओवाद्यांची शरीराच्या आतली किमया ती ‘नेइतान’. ही खाती वेगवेगळी होती. सगळ्यांना कवेत घेणारा एकच शब्द रूढ नव्हता.

बोधिधर्माने, म्हणजे चीनला गेलेल्या बौद्ध भिक्षूने, हे सारं भारतातून नेलं, हा आपल्या व्हॉट्सॲपवरचा आवडता दावा. त्याच्या नावावर खपणारा स्नायू-बदलाचा ग्रंथ १६२४च्या सुमाराचा आहे आणि त्याची सातव्या शतकातली म्हणवणारी प्रस्तावना बनावट असल्याचं चिनी अभ्यासकांनीच दाखवून दिलं आहे. भारताशी धागा मुळीच नाही असंही नाही. सातव्या शतकातल्या एका चिनी वैद्यकग्रंथात १८ हालचालींचा एक संच ‘भारतीय, ब्राह्मणांची पद्धत’ म्हणून नोंदलेला आहे. पण तो बोधिधर्माइतका नाट्यमय नाही, म्हणून कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता १९४९ कडे. तिथपर्यंतची वाट आधीच मळलेली होती. १९१४ मध्ये शांघायच्या एका शिक्षणतज्ज्ञाने स्वतःच्या क्षयावर मात केलेली स्वस्थ बैठक पुस्तकरूपाने मांडली आणि तीत ताओवाद्यांची गूढ परिभाषा जाणूनबुजून गाळली. यादवी युद्धाच्या काळात हेबेई प्रांतात कम्युनिस्ट पक्षाचा एक तरुण कार्यकर्ता अल्सरने बेजार झाला. १९४७ मध्ये त्याला गावी धाडलं. तिथे परंपरेतल्या एका जाणत्याकडे तो १०२ दिवस एकच साधना करत राहिला आणि बरा होऊन कामावर परतला. वरिष्ठांना हे उपयोगाचं वाटलं. डॉक्टर कमी, औषधं त्याहून कमी, आणि हा इलाज फुकटचा.

अडचण होती नावाची. साधना गुरू-शिष्य परंपरेतली, मंत्रासकट. ‘आध्यात्मिक उपचार’, ‘मानसोपचार’, ‘मंत्रोपचार’ अशी नावं विचारात घेऊन बाजूला सारली गेली. मार्च १९४९ मध्ये ‘चीगाँग’ ठरलं. शब्द अगदी कोरा नव्हता. कुस्ती-मारामारीच्या गोटात तो आधीपासून होता, त्याला अर्थ मात्र नवा दिला. पुढे त्याच कार्यकर्त्याच्या १९५७च्या पुस्तकात तो स्पष्ट लिहिला: इथे ‘ची’ म्हणजे श्वास, आणि ‘गाँग’ म्हणजे श्वास व बैठक सुधारत राहण्याचा सततचा सराव. विश्वव्यापी शक्ती वगैरे काही नाही. जुन्या मंत्रात सोनेरी ड्रॅगनचे पंजे होते. त्याच्या जागी ‘प्रकृतीसाठी मी बसून सराव करतो’ अशा अर्थाचं वाक्य आलं. व्यवहाराच्या दृष्टीने हे चतुर होतं. प्रामाणिक होतं का, यावर अजून वाद आहे. ज्यांची विद्या होती त्यांचं नाव पुसून ती सरकारी दवाखान्यात नेली, हा आक्षेप मला तरी रास्त वाटतो.

तांगशानचं आरोग्यधाम, मग बैदाइहेचं, १९५५ मध्ये आरोग्य मंत्रालयाचं पारितोषिक, असा दशकभर चढता काळ गेला. सांस्कृतिक क्रांतीच्या सुमारास हीच ‘शास्त्रीय’ पद्धत सरंजामी अंधश्रद्धा ठरली. आरोग्यधाम बंद पडलं आणि संस्थापकाची, म्हणजे त्याच कार्यकर्त्याची, रवानगी शेतावर मजुरीला झाली.

१९७०च्या दशकात पेकिंगच्या बागांमध्ये कर्करोगातून वाचलेल्या एका चित्रकार बाईने चालत करायचे प्रकार शिकवायला घेतले. १९७९ नंतर तर लाटच आली. हातातून ‘बाह्य ची’, म्हणजे शरीराबाहेर पाठवता येते म्हणतात ती शक्ती, सोडणारे गुरू, भरलेली स्टेडियम, क्षेपणास्त्र कार्यक्रमातल्या नामांकित शास्त्रज्ञाचा पाठिंबा. १९४९ मध्ये झाडून टाकलेली जादू परत आली, आणि तिच्यासोबत ताओवादी वंशावळीही. पर्वतावरच्या गुप्त गुरूचा वारसा सांगितला की विद्यार्थी वाढत. ‘ताओवादी चीगाँग’ ही जोडी खऱ्या अर्थाने जमली ती तेव्हा, आणि परदेशी वर्गांमधून ती जगभर गेली.

१९९९ च्या एप्रिलमध्ये चीगाँगच्याच लाटेतल्या एका गटाच्या, फालुन गाँगच्या, हजारो अनुयायांनी पेकिंगमध्ये सत्ताकेंद्राबाहेर मूक जमाव केला. जुलैत त्या गटावर बंदी आली. बाकीच्यांचाही त्यात चुराडा झाला. उरलेलं क्रीडा खात्याच्या देखरेखीखाली गेलं आणि २००३ मध्ये चार प्रमाणित संच जाहीर झाले: स्नायू-बदल, पाच प्राणी, सहा ध्वनी आणि रेशमाचे आठ पट्टे. काही वर्षांनी आणखी पाच संच आले. त्यातल्या एकाचं नाव आहे ‘मावांगतुई दाओयिन’.