शिडीगाडीतील इंटरलॉक

अग्निशमन दलाच्या शिडीगाडीची शिडी चढवता-उतरवताना हालचालींचा क्रम चुकू नये म्हणून बसवलेली विद्युत सुरक्षा-यंत्रणा. शिडी उचलते ती हायड्रॉलिक तेलाच्या दाबाने. परवानगी मात्र बहुधा २४ व्होल्टची वायरिंग देते.

गाडीवरील उंच शिडीच्या जनकत्वाबद्दल दोन मते आहेत. काही लेखक हे श्रेय सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅनियल हेझ (१८६८) यांना देतात, काही जर्मनीतील उल्मच्या कॉनराड डीट्रिख मागिरुस (१८७२) यांना. मागिरुस यांची शिडी दोन चाकांवर हाताने ओढायची होती. हेझ यांची गाडीवरच बसवलेली. म्हणून ‘शिडीगाडी’ या अर्थाने हेझ यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. विद्युत इंटरलॉक हायड्रॉलिक शिड्यांचा प्रसार झाल्यानंतरचे मानणे सयुक्तिक.

हातब्रेक ओढलेला, आउटरिगर (गाडीच्या बाजूंना बाहेर येणारे आधाराचे पाय) जमिनीला टेकलेले, मगच शिडीच्या व्हॉल्व्हला करंट मिळतो. उलट, शिडी आपल्या जागी परत बसल्याखेरीज आउटरिगर उचलत नाहीत. जोडणी अशी करतात, की तार तुटली किंवा कनेक्टर सुटला तरी हालचाल थांबावी. चालकाने पेडलवरचा पाय काढला की शिडी जागीच थांबते.

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात असले, तरी ग्रामीण विदर्भात सहसा पाण्याचा बंब आणि हाताने उभारायची शिडीच असते. शिडीगाडी मोठ्या शहरातून येते. जिनिंगच्या (सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) आवारात ती उभी राहते काळ्या मातीवर. सेन्सरला पायावरचा दाब कळतो, माती कळत नाही. पाय टेकल्याचा हिरवा दिवा लागल्यावरही फवाऱ्याच्या पाण्याने भिजलेली जमीन हळूहळू दबते. त्यामुळे पायांखाली रुंद लाकडी ठोकळे हवेतच. डोक्यावरची ११ केव्हीची तारही साध्या इंटरलॉकला दिसत नाही. तिच्यापासून किमान ३ मीटर अंतर राखणे आणि महावितरणला सांगून फीडर (त्या भागाची वीजवाहिनी) बंद करवणे हे माणसाचेच काम.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे इंटरलॉकचा स्विच ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे तो वगळून तारा थेट जोडणे. ट्रॅक्टरचा स्टार्टर असा चालवून घेतात, पण इथे दोन तारा पिळून जोडल्या की आउटरिगर वर असतानाही शिडी उठते आणि बाजूला वळताच गाडी उलटू शकते. तपासणीत शिडी जागेवर, आउटरिगर आत ठेवून लिव्हर किंचित ओढतात. शिडी हलली, तर गाडी कामावर पाठवू नये.