एकाच नंबरच्या दोन बस पाठोपाठ का येतात?

संध्याकाळी मुंबईत एस. व्ही. रोडवरच्या एखाद्या थांब्यावर उभं राहिलं की हे हमखास दिसतं. वीस मिनिटं गाडीचा पत्ता नाही, रांग फुटपाथवरून रस्त्यावर उतरलेली, आणि मग एकाच नंबरच्या दोन गाड्या पाठोपाठ येतात. पहिलीच्या दारात पाय ठेवायला जागा नसते, दुसरीत खिडकीसुद्धा मिळते. राग चालकावर निघतो. दोघांनी ठरवून एकदमच गाड्या काढल्या असणार, असं रांगेत कोणीतरी म्हणतंच. पण बसचौकीवरून दोन्ही गाड्या ठरल्या वेळेला, नीट दहा मिनिटांच्या अंतराने सुटल्या तरीही पुढे त्या एकमेकींना चिकटू शकतात. त्यांना एकत्र आणतो तो थांब्यावर माणसं चढायला लागणारा वेळ.

गॉर्डन न्यूएल आणि रेन्फ्री पॉट्स या वाहतुकीच्या अभ्यासकांनी १९६४ साली हे गणिताने मांडलं. त्याच वर्षी ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम धावली आणि शहरातल्या रस्त्यांवरचा सगळा भार बसवर आला. न्यूएल-पॉट्स यांचा हिशेब इतका साधा आहे की कागदावर करून बघता येतो.

समजा, एका मार्गावर दर १० मिनिटांनी गाडी आहे. प्रत्येक थांब्यावर मिनिटाला एक प्रवासी येतो आणि एकाला चढायला ३ सेकंद लागतात. सगळं सुरळीत असेल तर दर थांब्याला १० माणसं आणि ३० सेकंद. आता एक गाडी सिग्नलला अडकली आणि पुढच्या थांब्यावर १ मिनिट उशिरा पोचली. तिथे आता ११ माणसं उभी आहेत, म्हणजे ३ सेकंद जास्त. त्यापुढच्या थांब्यावर उशीर १ मिनिट ३ सेकंदांचा झाला, म्हणून तिथे आणखी थोडी जास्त माणसं. दर थांब्याला उशीर ५ टक्क्यांनी वाढतो, चक्रवाढ व्याजासारखा.

मागच्या गाडीचं नेमकं उलट होतं. पुढची उशिरा गेल्यामुळे थांब्यावर नवी माणसं जमायला वेळच मिळालेला नसतो. मागचीला १० ऐवजी ९ माणसं मिळतात, ती लवकर सुटते, पुढच्या थांब्यावर आणखी कमी माणसं, आणखी लवकर. पुढची रेंगाळते, मागची धावते. दहा थांब्यांनंतर दोघींमधलं अंतर सुमारे साडेसात मिनिटांवर येतं, वीस थांब्यांनंतर पाच मिनिटांच्याही खाली. एकोणतीस थांबे झाले की पुढची गाडी सुमारे चार मिनिटं उशिरा आणि मागची पावणेसहा मिनिटं लवकर असते. उरलेलं अंतर फक्त १२ सेकंदांचं. लक्षात घ्या, या हिशेबात सुरुवातीचं ते एक मिनिट सोडलं तर रस्ता शेवटपर्यंत मोकळा धरला आहे.

प्रत्यक्ष मुंबईत हे याहून लवकर घडतं. एक तर प्रवासी मिनिटाला एक असे शिस्तीत येत नाहीत. वांद्रे किंवा कुर्ल्याला लोकल लागली की बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) बसच्या रांगेत एका दमात शेकडो माणसं येतात. त्या क्षणी जी गाडी थांब्यावर उभी असेल ती गच्च भरते, दोन मिनिटांनी येणारीला उरलेसुरले मिळतात. म्हणजे उशिराचं बी पहिल्याच थांब्यावर पडतं. दुसरं म्हणजे थांब्याची जागा. कडेला रिक्षा किंवा दुचाक्या लावलेल्या असल्या की चालकाला गाडी दुसऱ्या लेनमध्ये उभी करावी लागते, माणसं रस्त्यावर उतरून चढतात, ज्येष्ठांना पायरी आणखी उंच पडते, आणि एका माणसाचे ३ सेकंद सहज ५ होतात. तेवढ्याने उशीर वाढण्याचा वेग दर थांब्याला ५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या पुढे जातो. पावसाळ्यात अंधेरीचा सबवे बंद झाला, हिंदमाताला पाणी भरलं, की गाड्या वळवाव्या लागतात आणि मग अंतराचा हिशेब मुळापासून मांडावा लागतो.

प्रवाशाचं यात किती नुकसान होतं, ते सरासरीत लपून जातं. तासाला ६ गाड्या दर १० मिनिटांनी आल्या, तर अचानक थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. त्याच ६ गाड्या जोडीजोडीने, १८ मिनिटं आणि २ मिनिटं अशा अंतराने आल्या, तर सरासरी थांबणं ८.२ मिनिटांवर जातं. कारण दर दहा माणसांतली नऊ त्या १८ मिनिटांच्या पोकळीत येऊन उभी राहतात, आणि तीच नऊ माणसं पहिल्या गच्च गाडीत चढतात. फेऱ्या मोजणाऱ्या तक्त्यात दोन्ही दिवस सारखेच दिसतात: ठरलेल्या ६, झालेल्या ६. म्हणून नुसत्या झालेल्या फेऱ्या मोजून सेवा कशी चालली हे कळत नाही. गाड्यांमधलं अंतर मोजायला हवं, आणि तेही किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत. आता गाड्यांचं ठिकाण जीपीएसने कळतं, त्यामुळे ही मोजणी अवघड राहिलेली नाही.

उपाय सुचतो तो मधल्या एखाद्या थांब्यावर लवकर आलेल्या गाडीला रोखून धरायचा. तो बरोबर आहे, पण चुकीच्या पद्धतीने केला तर त्रास वाढतो. वेळापत्रकाकडे बघून रोखलं आणि कोंडीमुळे सगळ्याच गाड्या अर्धा तास उशिरा असल्या, तर रोखायला कोणी उरतच नाही आणि जोड्या तशाच राहतात. वेळापत्रकात भरपूर जादा वेळ ठेवला तर गाड्या जास्त लागतात. फेरी पूर्ण करून परत निघायला १२० मिनिटं लागत असतील तर दर १० मिनिटांच्या सेवेला १२ गाड्या पुरतात, तोच वेळ १४० मिनिटं झाला की १४ हव्यात. त्या दोन गाड्या आणि त्यांचे चालक-वाहक कुठून आणायचे, हा आगाराचा खरा प्रश्न आहे.

जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन या अमेरिकन अभ्यासकांनी २०१२ मध्ये मांडलेली युक्ती मला यातली सगळ्यात देखणी वाटते. त्यांनी वेळापत्रक बाजूला ठेवलं. नियम एकच: टर्मिनसवर आलेल्या गाडीने मागची गाडी किती मिनिटांवर आहे ते बघायचं आणि त्याच्या ठराविक हिश्शाइतकं थांबायचं. हिस्सा ०.३ धरू. मागची २ मिनिटांवर असेल तर ३६ सेकंद थांबून निघायचं, १८ मिनिटांवर असेल तर जवळजवळ साडेपाच मिनिटं थांबायचं. याचा अर्थ, जिच्या पाठीला दुसरी चिकटली आहे ती भरलेली गाडी लगेच सुटते, आणि जिच्या मागे मोठी पोकळी आहे ती रिकामी गाडी थांबते. फेऱ्यांमागून फेऱ्या होतात तशी अंतरं आपोआप सारखी होत जातात. एखादी गाडी बिघडून बाहेर गेली तरी उरलेल्या नव्या अंतरावर स्थिरावतात. अमेरिकेत अटलांटामध्ये जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या बसमार्गावर त्यांनी हे चालवून पाहिलं. आपल्याकडे यात चालकाची पाळी आणि जेवणाची सुट्टी बसवावी लागेल. ती डावलून कुठलंही गणित टिकणार नाही, आणि टिकूही नये.

मुळातला उपाय मात्र चढण्याचा वेळ कमी करणं हाच आहे. वाहक चालत्या गाडीत तिकीट देतो ही आपली जुनी पद्धत या बाबतीत फार मोलाची आहे, कारण पैशांचा व्यवहार दाराशी अडत नाही. एकाच दाराशी कार्ड टेकवून चढायचं ठरवलं तर तो वेळ पुन्हा थांब्यावर येतो, म्हणून यंत्रं सगळ्या दारांवर हवीत. खालच्या तळाच्या (लो-फ्लोअर) गाड्या, गाडी कडेला नीट लागेल इतकी मोकळी जागा आणि सिग्नल ओलांडल्यावरचा थांबा, यातलं प्रत्येक काही सेकंद वाचवतं, आणि ते सेकंद पुढे चक्रवाढीने वाढत नाहीत.

दारात गर्दी झाली की वाहक ओरडतो, "मागून गाडी आहे, मागच्या गाडीत या!" आणि डबल बेल देतो. रांगेला ते टाळणं वाटतं. गणिताच्या दृष्टीने मात्र तो पुढच्या गाडीचा उशीर तिथेच तोडत असतो, आणि मागच्या धावत्या गाडीला तिच्या वाटणीची माणसं देत असतो. मोबाइलवर मागची गाडी खरोखर दोन मिनिटांवर दिसत असेल, तर त्याचं ऐकून मागे राहणाऱ्याला बसायला जागाही मिळते.