खुलासा: भाताचं शेणखत वालापर्यंत पोचतं

“शेणखत भातानं खाल्लं, उरलंसुरलं पावसानं धुतलं, भातामागून घेतलेल्या वालाला काय मिळणार?” रायगड-रत्नागिरीत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही.

पाऊस धुऊन नेतो ते पाण्यात विरघळलेलं नत्र (नायट्रोजन). कुजलेल्या शेणखतातलं बरंचसं नत्र सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं. जिवाणू ते फोडतील तसतसं मोकळं होतं. ढोबळ हिशेब असा: १० टन शेणखतात सुमारे ५० किलो नत्र, आणि पहिल्या पिकाला त्यातलं साधारण ३० टक्केच लागू पडतं.

वालाला खरी निकड मात्र स्फुरदाची (फॉस्फरसची). आपल्या जांभ्याच्या आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. खत कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं ती पकड सैल करतात. स्फुरद मिळालं की मुळांवरच्या गाठी भरतात आणि हवेतलं नत्र पिकाला मिळू लागतं. फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप मुळासकट हलकेच उपटा, गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर ती काम करतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजताना, जाळलेलं शेण मात्र या हिशेबात धरू नका. त्यातलं बहुतेक नत्र धुरात जातं. उतारावर नुसतं पसरलेलं खतही पहिल्या जोरदार सरींत वाहतं. चिखलणीआधी, म्हणजे लावणीसाठी खाचरात चिखल करण्याआधी, मातीत नीट मिसळलेलं खत टिकतं. शिवाय अशी जमीन ओल जास्त दिवस धरते, आणि भातानंतर पाण्याशिवाय घेतलेल्या वालाला तीच हवी असते.