खुलासा: लिनक्सवर संगीतासाठी ‘स्टुडिओ’वाली डिस्ट्रोच लागते का?

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: डेबियन किंवा मिंटसारख्या साध्या डिस्ट्रोवर (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती) रेकॉर्डिंग जमत नाही, वाजवल्यावर आवाज मागाहून येतो, म्हणून उबुंटू स्टुडिओसारखी खास डिस्ट्रोच टाकावी.

आवाज मागाहून येतो, हा अनुभव खरा आहे. पण तो मुख्यतः बफरमुळे. संगणक ध्वनीचे नमुने गठ्ठ्यानं पुढे पाठवतो; हा गठ्ठा म्हणजेच बफर. सेकंदाला ४८,००० नमुने आणि गठ्ठा १०२४ चा असेल, तर एका गठ्ठ्याला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. तोच २५६ केला की जेमतेम ५.३. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे १.८ मीटर जातो; म्हणजे तबलजी शेजारी बसलाय इतकंच अंतर! (माइकमधून आत आणि हेडफोनमधून बाहेर धरलं, तर दुप्पट आणि वर थोडं.) गठ्ठ्याचा हा आकडा कुठल्याही डिस्ट्रोत बदलता येतो.

मग खास डिस्ट्रो काय देते? आर्डरसारखी (Ardour) रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअरं आधीच बसवलेली, ध्वनीच्या कामाला अग्रक्रम देणारी सेटिंगं जुळवलेली. नवख्याचा वेळ वाचतो, हे नाकारायचं कारण नाही. पण आर्डर डेबियनच्या भांडारातूनही मिळतं.

स्वतः पाहायचं तर दोन्ही डिस्ट्रो पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे न बसवता, चालवा, डिस्कला हात लावू नका. पाइपवायर (लिनक्समधली ध्वनी हाताळणारी यंत्रणा) असेल तर टर्मिनलमध्ये ‘pw-top’ चालवा. बफर सारखाच ठेवून पंधरा मिनिटं वाजवा आणि चुकांच्या रकान्यातला (ERR) आकडा वाढतो का बघा. वाढलाच, तर डिस्ट्रो बदलण्याआधी बफर एक पायरी वाढवा.