आसरांची ठिकाणे (कोकण)

साती आसरा या जलदेवतांचा वास जिथे मानला जातो, अशी कोकणातली पाण्याकाठची ठिकाणे. व्हाळातला (ओढ्यातला) खोल डोह, देवराईतला झरा, रानातली जुनी बाव (विहीर). इथे माणसाचा मुलूख संपतो आणि पलीकडच्यांचा सुरू होतो, अशी श्रद्धा आहे. ‘आसरा’ हे ‘अप्सरा’ या शब्दाचे बोलीतले रूप. ‘परी’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि मुलांच्या गोष्टींत रमला. पाणवठ्यावर त्याला कधी जागा मिळाली नाही, तिथे आसराच.

आसरा सात बहिणी. त्यांना बहुधा देऊळ नसते, घडीव मूर्तीही नसते. पाण्याच्या काठी ओळीने मांडलेले सात दगड, त्यांवर हळदकुंकू, समोर खण, नारळ, हिरव्या बांगड्या एवढेच त्यांचे ठाणे. अभ्यासक त्यांचे नाते सप्तमातृकांशी, म्हणजे पुराणांतल्या सात मातृदेवतांशी, जोडतात. ओटी भरणाऱ्या बाईला मात्र त्या देवळातल्या देवीपेक्षा जवळच्या वाटतात, आणि त्यांची भीतीही जास्त वाटते. त्या लेकराबाळांना सांभाळतात, तशाच रागावल्या तर धरतातही. म्हणून भर दुपारी आणि तिन्हीसांजेला अशा जागी एकटे जायचे नाही, बाळंतिणीने तर मुळीच नाही. पाण्यात थुंकायचे नाही, तिथली फांदी तोडायची नाही.

ही ठिकाणे नेमकी कुठे असतात, याला जमिनीचे कारण आहे. सडा म्हणजे माथ्यावरचे उघडे कातळाचे पठार. त्यावरचा जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. तिथेच दाट झाडी वाढते, आणि तिथेच गावाने देवराई राखलेली असते. चैत्रात माथ्यावरचा काळा कातळ तापून पाय ठेववत नाही. तिथून शंभर पावले उतरून राईत शिरले की एकदम गारवा, अंधार, कुजल्या पानांचा वास आणि कुठेतरी खाली वाहते पाणी. हा बदल ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला आसरांची कथा वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

पलीकडच्या जगाशी देवघेव कशी चालते, हे सर्वांत स्पष्ट सांगणारी कथा मालवण तालुक्यातल्या धामापूर तलावाची. हा तलाव 1530 साली बांधला गेला. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठावर भगवतीचे देऊळ आहे. गरिबाघरचे लग्न निघाले की परडीत फुलांचे दागिने करून ती तलावात सोडायची, आणि परडी वर यायची ती खऱ्या सोन्याचे दागिने घेऊन. कार्य उरकले की दागिने परत पाण्यात. एकदा कोणीतरी ते परत केले नाहीत, आणि तेव्हापासून परडी वर आली नाही. या कथेत शाप नाही, शिक्षा नाही. देणे फक्त थांबते. मला ती कोकणातल्या सगळ्या आसराकथांची किल्ली वाटते.

राजापूरजवळ उन्हाळे गावची गंगाही याच जातीची. एरवी कोरड्या असलेल्या चौदा कुंडांत साधारण तीन वर्षांनी अचानक पाणी येते आणि काही काळाने तसेच निघून जाते. भूगर्भातल्या वक्रनलिकेसारख्या रचनेमुळे असे होत असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. गंगा आली की माणसे कामधंदा टाकून स्नानाला धावतात.

पाण्याखेरीज उघडा कातळही असाच उंबरठा मानला जातो. रात्री सड्यावर ‘चकवा’ लागला की ओळखीची वाट हरवते आणि माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. त्याच सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत. मालवण तालुक्यात कुडोपीला त्या जागेचे नावच ‘बाहुल्यांचे टेंब’. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे येथे कातळात माणसाची आकृती कोरलेली आहे. तिच्यावर होकायंत्र धरले तर सुई भलतीच दिशा दाखवते. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. हा जांभा घरबांधणीच्या चिऱ्याचाही दगड आहे, त्यामुळे खाणी सड्यांवर पसरत आहेत. कापलेल्या चिऱ्याबरोबर वरचे चित्र जाते, आणि पाऊस मुरवून खालच्या झऱ्याला पाणी पुरवणारा कातळही जातो.