आंतरराष्ट्रीय वानिकी शिक्षण
विकसनशील देशांतल्या जंगलांत आणि त्या जंगलांवर जगणाऱ्या लोकांसोबत काम करायचं म्हणून घेतलेलं वनशास्त्राचं शिक्षण. झाडांची मोजणी, रोपवाटिका, माती हे यात असतंच, पण चराई, सरपण, वनहक्क आणि मोहफुलं-चारोळी-डिंकाचा बाजार हेही तेवढंच शिकावं लागतं.

उगम कुठून धरायचा यावर एकमत नाही. बरेच जण १८६४ धरतात, त्या वर्षी ब्रँडिस हे जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले, त्याआधी ते ब्रह्मदेशात पेगूच्या सागवानी जंगलांवर होते. पण मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ सालीच वनसंरक्षक झालेले आणि खानदेश १८१८ पासून याच इलाख्यात, त्यामुळे आपल्या खानदेशाकडून बघितलं तर गिब्सनपासून सुरुवात धरणं जास्त पटतं. अर्थात हा झाला खात्याचा उगम, शिक्षणाचा वेगळा. १८६० च्या दशकाच्या शेवटी भारतातल्या वनखात्याच्या नोकरीसाठी निवडलेले इंग्रज उमेदवार फ्रान्सात नान्सीला नाहीतर जर्मनीला शिकायला जायचे, डेहराडूनची वनशाळा १८७८ ची, म्हणजे शिकायचं ओक-बीचच्या रानात आणि काम करायचं सातपुड्याच्या अंजन, सालई, धावड्यात. १८७८ चाच तो वन कायदा ज्याने राखीव जंगलात गावकऱ्यांचे हक्क आवळले, तेव्हा अभ्यासात लाकूड आणि महसूल पुढे, माणसं मागे. १९७८ च्या जकार्ता जागतिक वन परिषदेचा विषय 'लोकांसाठी जंगल' होता, साधारण तिथून हे बदलत गेलं असं मानतात.

आज थारांट (जर्मनी) आणि बँगर (वेल्स) इथे उष्णकटिबंधीय वानिकीची मास्टर्स होते. डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणारी जर्मन संस्था) विकासविषयक शिष्यवृत्तीला साधारण २ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. त्याआधी बीएस्सी फॉरेस्ट्री, ती दापोली, अकोल्याला आहे. पुढे नोकरीला सीफोर-इक्राफ (जंगल आणि कृषिवानिकीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था; बोगोर, नैरोबी), एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) वगैरे.

अनुभवाचं म्हणाल तर खानदेशच्या पोरांनी लांब जायची गरज नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने ४०० हेक्टरच्या आसपास जंगल राखलंय, तिथल्या चैत्राम पवारांना त्यासाठी २०२५ ला पद्मश्री मिळाली. नंदुरबारच्या अक्राणी-मोलगीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या सामूहिक वनहक्काचं काम आहे, ग्रामसभेत बसून गावाचा वन आराखडा करायचा म्हणजे पावरी-भिली (तिथल्या आदिवासी बोली) थोडी तरी समजायला हवी, केनिया-इंडोनेशियात गेल्यावरही आधी तिथल्या गावाचं ऐकूनच घ्यावं लागतं.